गणवेश शिवला, पण स्काऊट घडला का?

शाळा सुरू झाली की एक चिठ्ठी घरी येते. मुलाचे नाव स्काऊटमध्ये किंवा मुलीचे गाईडमध्ये घातले आहे. गणवेशाचे कापड अमुक रंगाचे घ्यावे. स्कार्फ, टोपी, पट्टा, बिल्ला आणि शिट्टीचे पैसे वर्गशिक्षकांकडे भरावेत. आई-वडील थोडी कुरकुर करतात, पण कापड आणतात, शिंप्याकडे टाकतात. पुढे तो गणवेश वर्षातून किती वेळा अंगावर चढतो? १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, कोणी पाहुणे येणार असतील तर स्वागताच्या रांगेत, आणि फार तर शनिवारच्या कवायतीला. दोन वर्षांत पँट आखूड होते, शर्ट दंडाला आवळतो आणि स्काऊटिंग संपते.

ही तक्रार पालकांची आहे असे वाटेल. पण ती जास्त तळमळीने करतात ती हे काम करणारी माणसेच. मुलांचे स्काऊट मास्टर, मुलींच्या गाईड कॅप्टन, लहानग्यांचे कब मास्टर आणि बुलबुलच्या फ्लॉक लीडर. यांतले बहुतेक शाळेतले शिक्षक. काही रेल्वेतले कर्मचारी, काही स्वतः एकेकाळी रोव्हर असलेले नोकरदार, काही गृहिणी. या कामाचा पगार कुणालाच नाही. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जायचे, वेळप्रसंगी स्वतःच्या खिशातून एसटीचे पैसे भरायचे, आणि शिबिराहून परतल्यावर एखाद्या पालकाने हरवलेल्या थाळीचा हिशेब विचारला तर तोही द्यायचा. अशा माणसांशी दहा मिनिटे बोला, ती काय बदलायला हवे ते भराभर सांगू लागतात. त्यांचे म्हणणे घरोघरी पोचायला हवे, कारण त्यातले बरेचसे पालकांच्या पाठिंब्याशिवाय होण्यासारखे नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. पुष्कळ घरांत स्काऊट आणि एनसीसी एकच समजले जाते. एनसीसी १९४८ साली सुरू झाली, ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते आणि लष्करी शिस्तीची तोंडओळख करून देते. स्काऊटिंग ही स्वयंसेवी शैक्षणिक चळवळ आहे. तिथे परेड हा मुख्य विषय कधीच नव्हता.

मुळात काय ठरले होते?

लॉर्ड बेडन-पॉवेल हा ब्रिटिश सेनाधिकारी. त्याच्या लष्करी आयुष्याची सुरुवात १८७६ साली आपल्या लखनौत झाली. पण १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर त्याने पहिले प्रायोगिक शिबिर भरवले ते सैनिक घडवण्यासाठी नव्हे. सुमारे वीस मुलगे होते. काही बड्या घरचे, महागड्या शाळांत शिकणारे. काही जवळच्या गावांतल्या कष्टकरी कुटुंबांतले. वर्गभेदाच्या बाबतीत त्या काळचे इंग्लंड आपल्याहून फार मागे नव्हते, त्यामुळे ही मुले एका तंबूत झोपली, हीच मोठी गोष्ट. त्याने त्यांचे चार संघ केले, प्रत्येकाला प्राण्या-पक्ष्यांची नावे दिली, आणि प्रत्येक संघावर त्याच वयाचा एक मुलगा नायक नेमला. तंबू कुठे ठोकायचा, चूल कशी लावायची, रात्री पहारा कुणी द्यायचा, हे संघ ठरवणार. मोठ्या माणसाने दुरून पाहायचे.

भारतात स्काऊटिंग आले १९०९ मध्ये, बंगळूरला. पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. हिंदी मुलांना दार बंद होते. तेव्हा डॉ. अॅनी बेझंट यांनी मद्रासकडे स्वतंत्र संघटना उभी केली, तर उत्तरेत पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या वतीने हिंदी मुलांची पथके काढली. जत्रांत, मेळ्यांत हरवलेल्यांना शोधून देणे, पाणी पाजणे, जखमींना उचलून नेणे ही त्या पथकांची कामे. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही संस्था झाली आणि पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही तिच्यात आली. ज्या चळवळीत शिरण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला भांडावे लागले, ती आज शाळेच्या वेळापत्रकातला एक तास होऊन बसली आहे.

संघ मुलांच्या हाती द्या

स्वयंसेवकांची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी हीच. नियमाप्रमाणे एका पथकात जास्तीत जास्त ३२ मुले आणि त्यांचे सहा ते आठ जणांचे संघ. प्रत्येक संघाचा संघनायक मुलांतलाच. संघनायकांची स्वतःची बैठक असते, तिथे पुढच्या महिन्याचे बेत ठरतात. कागदावर सगळे आहे. प्रत्यक्षात शाळा सबंध वर्गाचीच नावे स्काऊटमध्ये घालते. साठ मुले, एक सर, एक शिट्टी. संघांची नावे हजेरीच्या वहीत असतात, संघनायक म्हणजे रांगेत पुढे उभा राहणारा. तो बहुधा वर्गाचा मॉनिटरच असतो, कारण तो हुशार आणि शिक्षकांच्या शब्दाबाहेर नसतो.

हा फरक किती मोठा आहे, ते स्वयंपाकाच्या उदाहरणावरून कळेल. एका शिबिरात आचारी बोलावलेला असतो. मुले ताटे घेऊन रांगेत बसतात, जेवतात, उठतात. दुसऱ्या शिबिरात प्रत्येक संघाला तांदूळ, डाळ, बटाटे, तेल-मीठ मोजून दिले जाते आणि बारा वाजेपर्यंत शिजवा म्हणून सांगितले जाते. सुरुवातीला चूल पेटतच नाही. लाकडे ओली निघतात. डाळीत दोघे जण मीठ घालतात, कारण कुणी कुणाला विचारलेले नसते. भात खाली करपतो, वर कच्चा राहतो. पण दुसऱ्या दिवशी तोच संघ सकाळीच वाळक्या काटक्या आणून ठेवतो, मिठाचा डबा एकाच मुलाच्या ताब्यात देतो, आणि घरी भाजी आवडली नाही म्हणून ताट सरकवणारा मुलगा ती करपलेली खिचडी पुसून खातो. बारा वर्षांच्या मुलाला माणसे सांभाळणे आणि जबाबदारी वाटून घेणे याहून चांगल्या रीतीने शिकवता येईल असे मला वाटत नाही. आचारी ठेवला की यातले काहीच उरत नाही.

मग आचारी का ठेवतात? मुलाला चटका बसला तर पालक शाळेत भांडायला येतात, मुख्याध्यापकांना नसती कटकट नको असते, आणि साठ मुलांच्या दहा चुलींवर एकटा स्काऊट मास्टर लक्ष ठेवू शकत नाही. म्हणून स्वयंसेवक म्हणतात, पथक ३२ चेच ठेवा, ज्याला यायचे आहे त्यालाच घ्या, आणि एका पथकामागे किमान दोन प्रशिक्षित मोठी माणसे द्या. सक्तीने भरती केलेल्या मुलात आणि हौसेने आलेल्या मुलात फरक असतो, हे सांगायला कोणत्या तज्ज्ञाची गरज नाही.

प्रमाणपत्राची शर्यत

स्काऊटिंगमध्ये प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. योजना चांगली आहे. गाठी मारता येणे, नकाशा वाचणे, होकायंत्र वापरणे, प्रथमोपचार, अंदाजाने उंची-रुंदी मोजणे, सेवेची कामे, अशी हळूहळू चढण. पण काही ठिकाणी या पुरस्कारांवर परीक्षेत किंवा प्रवेशाच्या वेळी सवलत मिळते, रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी राखीव भरती असते, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. चौकशीला येणारे पालक मुलगा काय शिकेल हे विचारत नाहीत, प्रमाणपत्र केव्हा मिळेल हे विचारतात. नोंदवह्या एकाच्या बघून दुसरा उतरवतो. चित्रे ताई काढून देते. सेवाप्रकल्पाचा फोटो निघतो, झाड लावले जाते, त्या झाडाला दुसऱ्या आठवड्यात पाणी घालायला कोणी जात नाही.

सवलती बंद करा असे म्हणणारे स्वयंसेवक आहेत. मला ते पटत नाही. लहान गावातल्या, खासगी शिकवणी न परवडणाऱ्या मुलाला चार गुण किंवा नोकरीची एक वाट मिळत असेल, तर ती काढून घेण्यात शहाणपणा नाही. पण परीक्षा वहीची घेऊ नये, हाताची घ्यावी. दोरी द्या आणि जखमी माणसाला वर खेचता येईल अशी गाठ मारायला सांगा. अनोळखी वाडीत सोडा आणि नकाशावरून तासाभरात परत या म्हणा. हे कॉपी करता येत नाही. परीक्षकांना मात्र जास्त वेळ द्यावा लागेल, आणि वेळ कुणाकडेच नाही.

शिक्षकांचे हाल

निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, यांतून उरलेल्या वेळात शिक्षकाने पथक चालवायचे असते. पुष्कळांना ते त्यांच्या इच्छेविरुद्ध दिलेले असते. शाळेत नवा आलेला तरुण शिक्षक दिसला की त्याच्या गळ्यात स्कार्फ पडतो. तो निवासी प्रशिक्षणाला जातो, हळूहळू रमतो, मुलेही त्याच्यामागे लागतात आणि बदलीचा हुकूम येतो. पथक त्याच दिवशी बसते. हिमालय वुड बॅजपर्यंत पोचलेला प्रशिक्षित माणूस जिथे जातो तिथे पथक नसते, आणि जिथे पथक असते तिथे माणूस नसतो.

यावर उपाय अगदीच नवा नाही. शाळेबाहेरची खुली पथके आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. वसाहतीत, मैदानावर, रेल्वे कॉलनीत ती चालतात आणि कुणाच्या बदलीने बंद पडत नाहीत, कारण ती पालकांची आणि माजी स्काऊटांची असतात. रेल्वेचे स्काऊटिंग तर इतके जुने आणि मोठे की संघटनेत रेल्वेच्या विभागांना राज्यांसारखे स्वतंत्र स्थान आहे. उन्हाळ्यात स्टेशनवर गाडी थांबली की खिडकीशी पाण्याची कळशी घेऊन धावणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कामाची ओळख वेगळी करून द्यायला नको. खुली पथके वाढवायची तर जागा हवी. महापालिकांच्या शाळा संध्याकाळी आणि रविवारी रिकाम्याच असतात. त्यांचे एक पटांगण आठवड्यातून दोन तास मिळावे, एवढेच मागणे आहे. शिवाय शाळा सोडलेली, कामाला जाणारी मुले यायची ती अशाच पथकात येतील. शाळेच्या पथकात त्यांना जागाच नाही. गणवेशही तिथे स्कार्फपुरता ठेवावा, असे अनेक स्वयंसेवकांना वाटते. ब्राउन्सी बेटावर तरी कुठे सगळ्यांना पूर्ण गणवेश होता?

मुलींचे काय?

१९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्काऊटसारखा पोशाख करून, न बोलावता तिथे पोचल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. त्यातून पुढच्या वर्षी गाईड चळवळ निघाली. मुलींनी हट्टाने मिळवलेली ही गोष्ट आपल्याकडे मात्र घराच्या उंबरठ्यावर अडखळते. मुलगा शिबिराला जातो म्हटले तर बॅग भरली जाते, मुलगी जाते म्हटले तर रात्री मुक्काम आहे का, हा पहिला प्रश्न येतो.

गाईड कॅप्टनना विचाराल तर त्या मोठ्या सुधारणांच्या आधी साध्या गोष्टी मागतात. शिबिराच्या जागी कडी असलेली स्वच्छतागृहे, पुरेसे पाणी, वापरलेले सॅनिटरी पॅड टाकण्याची सोय. पाळीच्या दिवसांत मुलगी शिबिराला येत नाही, ती यामुळे. आणि त्यांना हव्या आहेत मदतीला बायका. घर, नोकरी, स्वतःची मुले सांभाळून पाच दिवस शिबिराला जाणारी शिक्षिका मिळणे किती अवघड, हे कोणत्याही घरातली बाई सांगेल.

मुले-मुली एकत्र असावीत का, यावर मात्र स्वयंसेवकांत एकमत नाही. ब्रिटनच्या स्काऊट संघटनेने १९९१ पासून मुलींना सर्व वयोगटांत घेण्याची मुभा दिली आणि २००७ मध्ये ते सर्व पथकांना लागू केले. अमेरिकेत हे दार २०१८ आणि २०१९ मध्ये उघडले. आपल्याकडचे तरुण रोव्हर-रेंजर एकत्र कामाच्या बाजूचे दिसतात. अनेक अनुभवी गाईड कॅप्टन मात्र सांगतात की, मुलींच्या वेगळ्या कंपनीत तंबूचा खुंटा ठोकायला आणि हुकूम द्यायलाही मुलगीच पुढे येते. एकत्र केले की भांडी तिच्याकडे जातात आणि हातोडा मुलाकडे. हा अनुभव झटकून टाकण्यासारखा नाही. दहा ते पंधरा वयात वेगळे संघ आणि मोहिमा एकत्र, असा मधला रस्ता मला बरा वाटतो.

पुणेकरांसाठी इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जगभरच्या गाईड चळवळीची मोजकीच जागतिक केंद्रे आहेत आणि त्यांपैकी ‘संगम’ हे पुण्यात आहे, १९६६ पासून. परदेशांतल्या मुली तिथे येऊन राहतात, शिकतात. शहरातल्या किती शाळांच्या गाईड तिथे एकदा तरी गेल्या असतील?

शिबिरात मूल सुरक्षित आहे का?

हा विषय बोलायला नकोसा वाटतो, म्हणूनच तो मागे राहतो. अमेरिकेत बॉय स्काऊट्सवर अनेक दशकांतल्या लैंगिक शोषणाचे इतके दावे दाखल झाले की २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. दावे करणाऱ्यांची संख्या ८२ हजारांवर गेली. पीडितांसाठी ठरलेली रक्कम सुमारे २४६ कोटी डॉलर. एवढ्या वर्षांत मुले बोलली नव्हती असे नाही, त्यांचे ऐकले गेले नव्हते. आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यात एका खासगी शाळेत एनसीसीच्या नावाने भरलेले शिबिर बनावट असल्याचे उघड झाले. शिबिरातल्या मुलींवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि पोलिसांना न कळवल्याच्या आरोपावरून शाळेतल्या जबाबदार व्यक्तींनाही अटक झाली. ते स्काऊट शिबिर नव्हते. पण गणवेश पाहून शाळेने चौकशी केली नाही, हा धोका सगळीकडे सारखाच आहे.

जागरूक स्वयंसेवकांना म्हणून काही नियम कागदावर आणि भिंतीवर लिहून हवे आहेत. मोठे माणूस आणि एकटे मूल बंद खोलीत किंवा तंबूत कधीही नसावे. मुलींच्या शिबिरात रात्री मुक्कामाला महिला नेत्या असाव्यात. नव्या माणसाची पोलीस पडताळणी व्हावी. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. पोक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असून ती न कळवणे हाही गुन्हा आहे, हे मुख्याध्यापकांसह सर्वांना प्रशिक्षणातच सांगितले जावे. यामुळे प्रामाणिक कार्यकर्त्याचा अपमान होतो, असे काही जुने लोक म्हणतात. उलट खोटा आळ येण्यापासून त्यालाच संरक्षण मिळते.

हवामानाचाही विचार आता करावा लागेल. दक्षिण कोरियात २०२३ च्या ऑगस्टमध्ये भरलेल्या जागतिक जांबोरीत चाळीस हजारांहून अधिक मुले उन्हाने आणि गैरसोयींनी बेजार झाली, ब्रिटनचा चमू आधीच निघून गेला, आणि वादळाच्या इशाऱ्यामुळे सगळा तळच हलवावा लागला. इतक्या श्रीमंत देशात ही स्थिती. आपल्या एप्रिल-मेच्या शिबिरांत मैदानावर दुपारी कवायत घेण्याचा हट्ट सोडायला काय हरकत आहे?

गाठी राहू द्या, पण

अभ्यासक्रमातल्या गाठी जुनाट झाल्या असे कुणी म्हटले तर ऐकू नका. पुरात दोरीच उपयोगी पडते. मात्र प्रथमोपचार आजचे हवेत. साप चावला की वर घट्ट आवळून बांधायचे, ब्लेडने कापायचे, रक्त चोखायचे, हे अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चावलेला अवयव हलू न देणे, माणसाला धीर देणे, चालायला न लावता लवकरात लवकर प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात नेणे, हे खेड्यातल्या प्रत्येक स्काऊटला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. तसेच हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देण्याची कृती. ती पुतळ्यावर करून पाहिल्याशिवाय येत नाही, आणि असा पुतळा जिल्ह्यात एक असला तरी पथकांत फिरवता येतो. फोनवरून होणारी फसवणूक ओळखणे आणि १९३० वर तक्रार करणे हेही आता सेवेत यावे. आजी-आजोबांना ते शिकवायला नातवाइतका चांगला शिक्षक मिळणार नाही.

यातले काही बदल दिल्लीच्या राष्ट्रीय मुख्यालयातून व्हायचे आहेत, काही राज्य सरकारांकडून. पण या वर्षी चिठ्ठी घरी आली की शाळेत जाऊन दोन-तीन गोष्टी विचारता येतील. पथकात मुले किती? स्काऊट मास्टरांचे प्रशिक्षण झाले आहे का? वर्षात मुक्कामाचे शिबिर किती वेळा, आणि स्वयंपाक कोण करणार? आणि तुम्हाला महिन्यातले दोन रविवार देता येत असतील, तर जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयात चौकशी करा. सुरुवातीचे प्रशिक्षण एका आठवड्याचे असते, स्काऊटिंगचा आधीचा अनुभव लागत नाही, शिक्षक असण्याचीही अट नाही. महिलांची गरज अधिक आहे.